ळ साठी सोडलेली जागा

बाबा, तुमचा कम्प्युटर अजून चालून राहिला, पण आता त्याला कोणी विचारत नाही. त्याचे अपडेट येणं कधीचंच बंद झालं. बँकेची साइट उघडायला गेलं की म्हणते, हे सुरक्षित नाही. सरकारी फॉर्मचं पान तर नुसतं पांढरंफट्ट राहते. कचेरीसमोरचं आपलं दुकान, लोक शेताच्या खसऱ्याची नक्कल काढायला येतात आणि स्क्रीन पाहून समोरच्या दुकानात जातात. मी बी हट्टी. त्याची इंटरनेटची वायरच काढून टाकली. लॅपटॉप घेतला, पण आपला जुना प्रिंटर त्याला ओळखच देत नाही. म्हणून लॅपटॉपवर टाइप करायचं, पेन ड्राइव्हवर घ्यायचं आणि तुमच्या कम्प्युटरवरून छापायचं, असा कारभार चालू आहे. त्याचा आतला सेल गेला, त्यामुळे रोज सकाळी सुरू केला की तारीख जुन्याच सालात जाते. त्या सालात तुम्ही होते. मी लगेच बदलत नाही, चहा होईपर्यंत राहू देते.

मागच्या महिन्यात त्याची हार्ड डिस्क कटकट करायला लागली. सौंसरहून एक मेकॅनिक येतो, त्यानं कान लावून ऐकलं आणि म्हणाला, ताई, यातलं जे पाहिजे ते काढून घ्या, हा कधी बी बसेल. काढायचं काय होतं? अर्ज, शपथपत्रं, लोकांच्या पत्रिका, कोणाला पाहिजे ते. पण तुमची फाइल होती ना. शेवटच्या वर्षी दुपारी गिऱ्हाईक नसलं की तुम्ही टाइप करत बसायचे ती, तिगावचं लहानपण, आजीची चूल, आईचं लग्न होऊन पांढुर्ण्याला येणं. एक्केचाळीस पानं. कधी छापलीच नाहीत, आणि दुसरी कॉपी कुठंच नाही. ती लॅपटॉपवर उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं, कंस आणि कायकाय चिन्हं. मी मेकॅनिकला परत बोलावलं.

मेकॅनिकनं दोन दिवस खपून ती नव्या फॉन्टात आणली. मराठी दिसलं, पण जागोजागी भोकं. आधी 'शा', मग मोकळी जागा, मग एकटाच काना. तो म्हणे, ताई, फाइल खराब झाली वाटते. मला हसू बी आलं आणि रडू बी. फाइल चांगलीच होती. आपल्याकडे हिंदी फॉन्ट, कचेरीचे अर्ज सारे हिंदीत, आणि हिंदीला ळ लागतच नाही. त्याचं बटण तुम्हाला कधी सापडलं नाही, म्हणून तुम्ही तिथं जागा सोडायचे आणि कागद छापून झाला की काळ्या पेननं एकेक ळ भरायचे. मी हे सांगितलं तर त्यानं जुना फॉन्ट उघडून, शिफ्ट धरून एक बटण दाबलं. ळ उमटला. पाच वर्षं बोटाखालीच होता, बाबा. तुम्ही असते तर कपाळावर हात मारून घेतला असता.

बोरगावच्या त्या लग्नाआधीच्या टिळ्याच्या पत्रिका आठवतात? मी कॉलेजातून घाईत आली आणि जागा सोडायच्या भानगडीत न पडता सगळीकडे ल ठोकून दिला. मंगलवार, सकाली, हलद. दोनशे छापून झाल्या. गिऱ्हाइकासमोर तुम्ही हात जोडले, उद्या नव्या देतो म्हणाले. तो गेल्यावर माझ्याकडे पाहून इतकंच बोलले, "हिंदी मुलखात राहून राहिलो म्हणून आपलं अक्षर बी देऊन टाकायचं काय?" मग नव्या दोनशे छापल्या आणि पेन घेऊन बसले. मी जवळ बसली होती, पण मला एक ळ भरू दिला नाही. मला फार लागलं होतं ते.

आता आठ दिवसांपासून तुमच्या फाइलीत मीच ळ भरून राहिली. मेकॅनिक म्हणाला, एका झटक्यात होऊन जाईल, मी नाही म्हटलं. एकेक जागा पाहून भरते, त्यामुळे वाचावं लागते. त्या पत्रिकांचं बी लिहिलं आहे तुम्ही. पोरीला जास्त बोललो, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, असं. मला काय माहीत, मला वाटलं तुम्हाला पित्त झालं. वाचता वाचता कितीदा तरी तुम्हाला काही विचारावंसं वाटते. मग असं लिहायला बसते. हे पाठवू कुठं?

आज शेवटचं पान झालं. खाली तुम्ही लिहिलं आहे, 'हे पोरीला वाचायला देतो. तिच्या नजरेतून एक ओ सुटत नाही.' त्या 'ओ'पुढं मी ळ भरला. ओळ. आणि हात तिथंच थांबला. दवाखान्यात तुम्ही मला विचारलं होतं, वाचलं काय, आणि मी म्हटलं होतं, "हो बाबा, सगळं वाचलं. चांगलं झालं." तुम्ही किती समाधानानं मान हलवली. बाबा, मी तेव्हा ती फाइल उघडली बी नव्हती.