बंद गाठीची कमळकाकडी

दादी, गेल्या महिन्यात मी चंद्रपूरला गेले होते. तुझ्या स्वयंपाकघरात वहिनी पाटावर बसून कमळकाकडी धूत होती. एकेक तुकडा उजेडाकडे धरायचा, प्रत्येक भोकातून कापसाची वात आरपार ओढायची, पुन्हा पाणी बदलायचं. सहा पाण्यांनी धुते ती. शेजारी उभ्या असलेल्या लेकीला ती सांगत होती, "दादी गेल्या ना, तवा त्यायनं मागितलेल्या शेवटच्या घासात माह्या हातून माती गेली. तवापासून मी असंच धुतो." मी चहाचा कप खाली ठेवला आणि भद्रावतीच्या बसची वेळ झाली असं काहीतरी बोलून सासरी परत निघाले. बसला अजून तास होता.

तुला खरं सांगू? वहिनी मला कधीच आवडली नाही. तिने माझं काही वाईट केलं म्हणून नव्हे, तू तिला आपलंसं केलंस म्हणून. धानोऱ्याकडची, धानाच्या शेतात वाढलेली पोर, सिंध म्हणजे काय हे तिला लग्नापर्यंत माहीतही नव्हतं. आणि तिच्या हातची साई भाजी, ती तुमची सिंधी पालक-डाळ, खाऊन आलेगेले म्हणायचे, अगदी दादीच्या हातची! माझा नुसता जळफळाट व्हायचा. तुझं नाक माझ्याकडे आलं, तुझा राग माझ्याकडे आला, आणि हात मात्र गेला तिच्याकडे.

सोळा वर्षांची असताना मी तुझ्या मागे लागले होते, आठवतं? मला बीह शिकव म्हणून. कमळकाकडीला तू कायम बीहच म्हणायचीस. पंधराव्या वर्षी फाळणीत सिंधमधून निघालीस तेव्हा तुझ्या आईने तुला काही बांधून दिलं नव्हतं, एवढं एक रांधणं तेवढं तोंडी दिलं होतं. इथे आल्यावर तलावातून कमळकाकडी काढून विकणारी ढिवराची बाई तुला बाजारात दिसली आणि तू रस्त्यातच रडायला लागलीस, ही गोष्ट तू आम्हाला इतक्यांदा सांगितलीस की ती बाई मला आमची नातेवाईकच वाटायची. तर मी मागे लागले आणि तू पदराला हात पुसत म्हणालीस, "तुले काऊन पाहिजे? तू तं पराया घरची. तिथी जाशीन, त्यायच्याच हातचं खाशीन. हे इथीच राह्यलं पाहिजे." मग दादाचं लग्न झालं आणि दुसऱ्याच महिन्यात तू वहिनीला चुलीपाशी बसवलंस. कुन्नी, तुझी ती मातीची हंडी, कशी तापवायची, हिरवं वाटण किती, झाकणाला कणीक कशी लिंपायची आणि मग कितीही वास सुटला तरी कशी उघडायची नाही. मी दारात उभी राहून बघत होते. माझ्या लग्नात तू मला सोन्याच्या पाटल्या दिल्यास. सगळ्या बायका बघत राहिल्या. मला ती काळी कुन्नी हवी होती, दादी.

पण एक काम तू तिलाही दिलं नव्हतंस. बीह तू स्वतः निवडायचीस आणि स्वतः धुवायचीस, हातपाय चालत होते तोवर. दोन्ही टोकांच्या गाठी बंद असतील तीच घ्यायची, आधी वरचा चिखल खरवडून काढायचा, चांगल्या पाण्यात न्हाऊ घालायची आणि मगच गाठी छाटायच्या. गाठ आधी उघडली की तळ्याची माती आत शिरून बसते, ती शिजूनही जात नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणापासून बादली मीच उचलून द्यायचे, म्हणून माहीत होतं.

तू अंथरुणाला खिळलीस आणि एक दिवस म्हणालीस, बीह खायची आहे. मी भद्रावतीहून आलेलेच होते. बाजारात मीच गेले, बंद गाठीच्या निवडून आणल्या, एकही तुटकी नव्हती. वहिनी तुझे पाय चेपत होती. "ताई, तुम्ही बादलीत भिजू घाला, मी आलोच," म्हणाली. मी वरचा चिखल न खरवडताच विळीवर एकेकीच्या दोन्ही गाठी छाटल्या आणि बादलीत, त्याच चिखलाने गढूळ झालेल्या पाण्यात सोडल्या. पाणी भोकांतून आत जाताना बुडबुडे येत होते. मी ते बघत बसले होते. मनात एवढंच होतं की एकदा, फक्त एकदा, तू तिला म्हणावंस, हे जमलं नाही.

तिने धुतल्या, पण वरवर. कुन्नी लावली, कणीक लिंपली, चार तासांनी उघडली. घरभर तोच वास, त्यात काही फरक नव्हता. वाटी तुझ्या हातात दिली. तू पहिला तुकडा चावलास आणि कचकच मला उंबऱ्यापर्यंत ऐकू आली. तू थांबलीस. "बीह कोणं धुतली?" वहिनीचा चेहरा उतरला. "मीनं धुतली दादी. माहंच चुकलं, बरोबर धुतली नाई." तू तिच्याकडे पाहिलंच नाहीस. माझ्याकडे पाहिलंस. मग मान खाली घालून वाटीतला एकेक तुकडा खाल्लास, सगळे खाल्लेस, आणि म्हणालीस, "चांगली झाली गं पोरी." कोणत्या पोरीला म्हणालीस ते मला अजून कळलेलं नाही. आठ दिवसांनी तू गेलीस.

वीस वर्षं ती सहा पाण्यांनी धुते आहे आणि मी चहा पीत बघते आहे. बोलायला गेले की बसची वेळ काढून उठते. बोलले तर तिच्याकडे तुझा हात आहे तो आहेच, वर निर्दोषपणाही तिचाच होईल. बघ, अजून हाच हिशेब चालू आहे माझ्या डोक्यात. लाज वाटते, पण जळणं काही थांबत नाही.

म्हणून म्हटलं, निदान तुला लिहावं. चार दिवस लिहिते आहे, आणि आत्ता कुठे लक्षात आलं. तुला मराठी वाचता यायची नाही. लग्नपत्रिका असो, माझं पत्र असो, तू कागद हातात धरून आतल्या खोलीकडे हाक मारायचीस आणि वहिनी हात पुसत यायची, तुझ्या पायाशी बसून वाचून दाखवायची. हेही तिनेच वाचलं असतं.

घडी घालून पाटल्यांच्या डबीत ठेवते आहे.