हिरव्या दाराची खोपी

वॉर्सा, ४ ऑगस्ट १९८२

ती. काझियाताईस,
लुद्विकाचा सा. न. वि. वि.

हे पत्र टपालात टाकत नाही, कारण हल्ली ते आपल्याआधी दुसरंच कुणीतरी वाचतं. आमच्या गल्लीतली माणसं पायी यात्रेला निघालीत, त्यांच्या हाती देतेय. ती नऊ-दहा दिवसांत चेन्स्तोहोव्हाला तुझ्या दारात पोचतील. म्हणून मोकळं लिहिते.

माझा बोगुश कसा आहे? त्याला तुझ्याकडे लपवून चार महिने झाले. निजतो कुठे, जेवतो का, मला काहीच कळत नाही. तेवीस वर्षांचा घोडा, पण खोकल्याचं औषध अजून मीच घशात ओतायची. सरकारविरुद्धची पत्रकं छापताना त्याला आई आठवली नाही, आता मी मात्र जिन्यात पाऊल वाजलं की उभी राहते.

तो करड्या सुटातला पोलीस अधिकारी दर गुरुवारी येतो. दारात बूट काढतो, चहा घेतो. म्हणतो, पोरानं स्वतःहून यावं, चूक झाली अशी सही करावी, नाताळच्या जेवणाला घरी असेल. तू हसशील, पण ताई, माणूस सभ्य वाटतो गं. त्याचाही मुलगा एवढाच आहे म्हणे.

बोगुशच्या हातची एक ओळ पाठव. आणि तो नेमका कुठे असतो तेही कळव, म्हणजे मला डोळे मिटून त्याला तिथे बघता येईल. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
लुद्विका

---

चेन्स्तोहोव्हा, १६ ऑगस्ट १९८२

चि. लुद्विका हिस,
अनेक आशीर्वाद.

यंदा मठातलं माउलीचं चित्र इथे आल्याला सहाशे वर्षं झाली, म्हणून गर्दीला सुमार नाही. माझ्या दोन खोल्यांत अकरा जण निजले. बीटाचं सार केवढं केलं विचारू नकोस, बोटं अजून लाल आहेत.

देवाच्या गावात राहून माणूस भोळा होतो असं तुम्हा राजधानीवाल्यांना वाटतं. अगं, परक्याला घरात घेऊन घेऊन आमची नजर पोलिसांपेक्षा तिखट झालीय. आणि आमच्या मठाचं नाव झालं ते काही दार उघडल्यामुळे नाही. तीनशे वर्षांपूर्वी वेढा घालून बसलेल्या स्वीडनच्या फौजेला चाळीस दिवस दार उघडलं नाही, म्हणून झालं.

इथली रीत तुला ठाऊक आहे. यात्रेकरू आला की आधी त्याचे पाय धुवायचे, मग ताट. आलोइझी नावाचा एक गृहस्थ तुमच्याच जथ्यातून आला. मोजे काढले तर टाचा लोण्यासारख्या, एक फोड नाही! नऊ दिवस चालला म्हणे. वर विचारतो, माडीवर किती खोल्या आहेत. मी त्याला अंगणातल्या बाकावर बसवून सार दिलं आणि तिथेच निजवलं.

त्याच संध्याकाळी बोगुशला हलवलं. नदीपलीकडे माझे भाजीचे वाफे आहेत ना, तिथल्या हिरव्या दाराच्या खोपीत आहे. सोबत त्याची ओळ आहे. खोकला नाही, दाढी वाढवलीय, चांगली दिसत नाही.

हे पत्र यात्रेहून वॉर्साला परतणाऱ्या तेओफिलाबाईंच्या हाती देते. त्यांच्या टाचांतून रक्त येत होतं, मी माझ्या हातांनी धुतल्या. लाखेवर माझ्या अंगठीचा ठसा आहे, तो नीट बघ, वाच आणि जाळ. आणि त्या सभ्य माणसाला चहा देणं बंद कर.

तुझ्या काळजीत असलेली,
काझिया

---

वॉर्सा, २४ ऑगस्ट १९८२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. हेही टपालात न टाकता ओळखीच्या हाती देतेय. बोगुशची ओळ मी उशाशी ठेवलीय.

तुझ्या त्या आलोइझींबद्दल चौकशी केली. ते पलीकडच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. छाती दुखते म्हणून डॉक्टरांनी चालायला मनाई केलीय. आगगाडीने आले, शेवटचा मैलभर जथ्यात शिरले आणि लाजेनं बोलले नाहीत. खोल्या विचारल्या, कारण पुढल्या वर्षी म्हाताऱ्या आईला आणायचंय. तू त्यांना अंगणात निजवलंस, बिचारे अजून शिंकतायत.

मला विचारशील तर ती तेओफिलाच बरी वाटली नाही. डोळे सारखे इकडेतिकडे. लाख पुन्हा चिकटवल्यासारखी दिसली. तिच्यावर विश्वास टाकायला नको होतास.

बोगुश ठीक आहे ना? लगेच कळव. खोपीकडे कुणी आलं का? मला झोप नाही. असाच जीव लावून ठेव.

तुझी,
लुद्विका

---

चेन्स्तोहोव्हा, २ सप्टेंबर १९८२

चि. लुद्विका हिस,
आशीर्वाद.

आलोइझींची मी माफी मागेन. पुढल्या वर्षी त्यांच्या आईला माझा पलंग देईन. माझी चूक झाली.

खोपीकडे २१ ऑगस्टच्या शनिवारीच सहा जण आले. हिरवं दार कुऱ्हाडीनं फोडलं, जमीन उकरली, टोमॅटो पायदळी तुडवले. बोगुश सापडला नाही. तो तिथे कधीच नव्हता.

खोपीचं मी खोटं लिहिलं होतं. खोपीचं नाव त्या एका पत्राशिवाय मी कुठेही काढलं नाही, बोगुशजवळसुद्धा नाही.

तुझ्यासारखाच मलाही आधी तेओफिलाबाईंचा संशय आला. पण तुझं पत्र येण्याआधीच त्यांचा निरोप आला होता. म्हणाल्या, तुमच्या बहिणीनं माझ्यासमोर शाबूत ठसा फोडला, उभ्यानं वाचलं आणि मला बसासुद्धा म्हणाली नाही. तू कुणाला बसा म्हणाली नाहीस असं आजवर घडलेलं नाही, लुद्का.

बोगुशला सांगितलंय की पोलिसांनी आपणहून शोधलं. त्याला एवढंच ठाऊक राहील. मी चिडले होते, दोन दिवस भांडी आपटली. आता चिडलेली नाही. कुणावर चिडू? पण तो कुठे आहे ते मी तुला लिहिणार नाही.

लोभ आटलेला नाही.

काझिया

---

वॉर्सा, ९ सप्टेंबर १९८२

ताई,

ठसा शाबूत होता. तेओफिलाबाईंबद्दल मी खोटं लिहिलं.

तुझं खोपीचं पत्र पोचलं त्याच गुरुवारी तो अधिकारी आला, तेव्हा मी बोगुशच्या गादीला धुतलेली चादर घालत होते. म्हणाला, नाताळ. मी खोपीचं नाव सांगितलं. त्यानं चहा संपवला, बूट घातले आणि गेला. मी खिडकीतून बघत राहिले, जणू तो तसाच जाऊन बोगुशला घेऊन येणार होता.

त्यानंतर तो आलेला नाही. आता मला कळतं त्याला काय हवं होतं, पण तेव्हा मला फक्त माझा मुलगा हवा होता. अजूनही तोच हवाय. म्हणून तुला हात जोडून सांगते, मी कितीही रडले, आजारी आहे म्हणून लिहिलं, अगदी मरतेय म्हणून लिहिलं, तरी मला सांगू नकोस.

लुद्विका