राजपुत्र परत येतो

दादा,
सप्रेम जय भीम.

आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला तू जर्मनीतून मोबाइलवर हजर राहिलास आणि चार दिवसांत मला कादंबऱ्यांची यादी पाठवलीस. "मेघा, आता मोकळी झालीस, पुन्हा वाचायला लाग." मोकळी! नऊ वर्षं आईचं सगळं अंथरुणातच केलं मी. आता पुस्तक हातात धरलं की दुसऱ्याच पानावर डोळा लागतो, आणि तुझ्या आवडीच्या त्या जादूगारांच्या मालिका सात-सात भागांच्या! लई वैताग आला.

तरी एक कादंबरी मागवली, दरीतल्या राजपुत्राची. लहानपणी पडेगावात आपल्याला मिळालेल्या प्रतीची शेवटची पानं फाटलेली होती. मी रडायला लागले, तेव्हा शेवट तूच सांगितलास: राजपुत्र राज्य सोडून बहिणीकडं परत येतो.

काल ती वाचून संपवली. तो येत नाय, दादा. तिकडंच राज्य करतो आणि बहिणीला भेटवस्तू धाडत राहतो.

खरा शेवट तुला तेव्हाच ठाऊक होता व्हय?

हे पत्र मी पाठवणार नाय. त्याच पुस्तकाच्या शेवटच्या पानात ठेवलंय. वाचायचं असेल तर इथं येऊन वाच.

तुझी बहीण,
मेघा