रिळातली ताई

ता. ३, सोमवार
आले एकदाची! ताईच्या दोन खोल्यांत माझी ट्रंक मावली आणि फोटोग्राफीच्या वर्गात मीही. वर्गातले कॅमेरे म्हणजे नुसती अडगळ. माझ्या वाट्याला आलेल्याचं चामडं सोललंय आणि फिल्म पुढे सरकवायचा खटका मधूनच निसटतो. सर म्हणाले, खटका ओढलास की डावीकडची चकती फिरते का बघ. नाही फिरली तर फिल्म जागची हललेली नाही. आणि काही झालं तरी कॅमेऱ्याची पाठ उघडायची नाही, उजेड लागला की काढलेलं सगळं गेलं. घरी हे ऐकून ताई म्हणाली, हिला एवढा धीर असता तर आणखी काय हवं होतं, उतावळी मेली! मग मुद्दाम पहिला फोटो तिचाच काढला, चहा पिताना.

ता. ८, शनिवार
रोल धुतला. चकतीकडे बघायचं विसरलेच होते, त्यामुळे ताई आणि तिच्यानंतर काढलेला रिकामा जिना एकाच चौकटीत उमटलेत. ताईच्या पोटातून पायऱ्या दिसतात. सर म्हणाले, चुकून का होईना, झकास जमलंय. ताईने तो आरशाला खोचून ठेवला. मला मात्र तो बघवत नाही, का कोण जाणे.

ता. १२, बुधवार
दुकानदाराने ताईच्या मागच्या बाईला आधी सामान दिलं, मग तिच्याही मागच्याला. ताई तिथेच उभी. घरी येऊन आधी हसली, मग रडली. दुपारी ती खिडकीत बसली होती आणि तिच्या खांद्यातून मला गज दिसले. डोळे चोळले, तरी दिसले. माझ्याच हातून झालंय हे. त्या फोटोने झालंय.

ता. १३
काट्याने काटा काढायचा. नवा रोल भरला. ताईचा फोटो, नीट, एकटीचा. बटण दाबलं आणि काय सांगू, तिच्या गालांवर रंग आला! पोटभर जेवली. कामं टाळते म्हणून माझ्या पाठीत धपाटा घातला. इतकं बरं वाटलं! तिच्यावर दुसरं काही उमटू नये म्हणून लगेच खटका ओढला. चकती फिरली. फिरली असावी.

ता. १५
पिशवीतून कॅमेरा काढताना बटण दाबलं गेलं, भर रस्त्यात. खटका तेव्हा निसटला असेल तर ताईवर रस्ता, गाड्या— डार्करूम सोमवारपर्यंत बंद. ताई ठणठणीत आहे. म्हणते, तो डबा कपाटात ठेव आणि गप बस. कशी बसू? चकती सैल लागतेय.

ता. १६, दुपार
फक्त बघते. बोटभर उघडून. फिल्म दात्यांत अडकली आहे की नाही, एवढंच.

उजेड लागू नये म्हणून पांघरुणाखाली उघडली, पण काहीच दिसत नाही. पांघरुणाची कड जराशी वर केली—

अडकली होती. नीट सरकलेली होती. मी उगाच—

ताई विचारतेय, एवढा उजेड कुठून येतोय. पाठ बंद केली. पडदे लावले. ती म्हणते, वाढतोच आहे. बोटं पांढरी— कोपरापर्यंत— म्हणते, मला तू दिसत नाहीस, हात दे गं—

दिलाय. डाव्या हातात तिचा हात आहे. आहे ना? नुसतं ऊन—