वैमानिकानं घेतलेलं रान

१४ डिसेंबर, रविवार. लातूर

अकराव्या प्रकरणाचं प्रूफ संपलं. दोन वेलांट्या, एक अनुस्वार. बस्स. रॉकेट विमानांचा इतिहास मराठीत लिहायचा हे निवृत्तीच्या दिवशी ठरवलं, त्याला चार वर्षं झाली. नऊ इंग्रजी पुस्तकं वाचून हे एक मराठी. एकतीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं, तेव्हा एवढा अभ्यास केला नव्हता.

पाच वाजता अप्पांना वाचून दाखवलं. सासऱ्यांचं वय ८४, कानानं कमी, पण पहिले वाचक तेच. सुरुवातीला म्हणायचे, "इमानाचं काय करायचंय मंगल आपल्याला?" आता वेळ झाली की स्वतःच खुर्ची ओढून बसतात. बॉम्बर विमानाच्या पंखाखाली रॉकेट विमान अडकवून वर नेतात न् सोडून देतात, हे त्यांना एका वाचनात कळलं. माझ्या वर्गातल्या पोरांना दोनदा सांगावं लागायचं.

अकरावं त्यांचं लाडकं. पाच वेळा रॉकेट विमान उडवून, पाचही वेळा कोरड्या तळ्यावर नीट उतरून, तो वैमानिक शेवटी शेत घेतो ते. आज तिसऱ्यांदा वाचून घेतलं.

"किती एकर घेतलं?"
"पुस्तकात नाही अप्पा."
"पाणी हाय का?"
"असेल."
"असंल. बघूनच घेतलं असंल. सुटला बाबा एकदाचा."

१६ डिसें.

अकरावं-बारावं लोह्याला केंद्रे सार्जंटना पाठवलं. वायुसेनेत वीस वर्षं इंजिनं उघडली-जोडली त्यांनी. तांत्रिक चूक राहू नये म्हणून प्रत्येक प्रकरण त्यांच्या नजरेखालून. यावेळी उशीर झाला, नांदेडला प्रेसमध्ये फाइल आधीच गेलीय. असो, शेवटची दोनच आहेत. काय निघणार त्यात.

१९ डिसें. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या

अहमदपूरजवळच्या आमच्या रानात सगळे. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. दुकान बंद ठेवून हेही आले, म्हणजे नवलच. कडब्याच्या कोपीत पांडव म्हणून मांडलेल्या पाच दगडांची पूजा झाली न् अप्पांनी जेवायला आलेल्या पाहुण्यांना पायलटाची गोष्ट सुरू केली. "लई उंच गेला, आभाळ काळं दिसतंय तितका. पन शेवटी आला रानातच." शेजारचे नामदेवराव म्हणाले, तिकडं कुरणं मोठी असतात. अप्पा लगेच, "गाई हायत त्याच्या. मंगलनं लिहिलंय."

गाई मी घातल्यात. इंग्रजीत एकच वाक्य आहे. पण शेत म्हटल्यावर गाई असणारच, नाही का.

२२ डिसें., सोमवार

आज सकाळी ११ ला केंद्रेंचा फोन.

"मॅडम, तो शेतकरी झालेला वैमानिक... ते इंग्रजी वाक्य वाचून दाखवता का मला?"

निळं पुस्तक काढलं. त्याच्या सोबत्यानं लिहिलेल्या आठवणी. वाचलं: पुढच्या वसंतात 'ही बॉट द फार्म', त्यानं शेत घेतलं.

ते म्हणाले, "मॅडम, हा माणूस मेलाय."

"म्हणजे?"

"वैमानिकांची बोली आहे ती. फार्म घेतलं म्हणजे गेला. विमानासकट. आमच्यातले जुने लोक पण म्हणायचे."

फोन ठेवल्यावर सगळी नऊ पुस्तकं जमिनीवर मांडली. सगळ्यात जाड ग्रंथात उड्डाणांचा तक्ता आहे, कितवं उड्डाण, कोण, किती उंच, किती वेग. त्याचं नाव पाचव्या ओळीनंतर येत नाही. मी गृहीत धरलं, त्यानं नोकरी सोडली. शेत घेतलं ते बरोब्बर जुळत होतं की! आज मागच्या टिपा पाहिल्या. बारीक अक्षरात अर्धी ओळ. साध्या सरावाच्या विमानात अपघाती मृत्यू. रॉकेट विमानात नव्हे, म्हणून तक्त्यात जागाच नाही.

चार वर्षं ती टीप माझ्या घरात होती.

नांदेडला प्रेसवाल्या सलीमभाईंना फोन. रिंग जाते, उचलत नाहीत. सहा वेळा केला. अकरावं ज्यात आहे तो सोळा पानांचा फर्मा आज मशीनवर चढणार होता. छापून गेला असेल तर... एका मेलेल्या माणसाला मी शेत देऊन, गाई देऊन, माझ्या नावानं.

यांना सांगितलं. म्हणाले, "कोण बघतंय?" उद्या पहिली एसटी.

२३ डिसें. नांदेड ते लातूर, परतीच्या बसमध्ये. अक्षर वाकडं येणार.

सगळं लिहून ठेवते.

लोहा स्टँडवर केंद्रे सार्जंट बसमध्ये चढले. बोलावलं नव्हतं. "एकट्या कुठं जाता, प्रेसवाल्याला मी समजावतो," म्हणाले न् शेजारी बसले. वाटेत तेच बोलत राहिले.

"लाजू नका मॅडम. शब्द कुठून आला कुणालाच धड माहीत नाही. आमचे एक साहेब सांगायचे, प्रत्येक जण म्हणतो, ही नोकरी संपली की गावी जाऊन रान घेईन. मग एखादा गेला की बाकीचे म्हणतात, घेतलं त्यानं रान."

"तुम्ही पण म्हणायचात?"

"रोज." मग खिडकीबाहेर बघून, "मी खरंच घेतलं. तीन एकर. ह्या वर्षी हरभरा हाय."

प्रेसचं शटर अर्धं खाली. आत सलीमभाई एकटे, अंगावर नवा कुर्ता, हाताला अत्तराचा वास. मी दारातूनच, "अकराव्याचा फर्मा छापला का?"

"मॅडम, पहले बैठो. पानी पियो."

"छापला का भाई?"

"कुठला छापतो! भाचीचं लग्न होतं ना कंधारला. दोन दिवस मशीन बंद. मोबाइल इथंच चार्जिंगला राहिला, आत्ता येऊन बघतो तर तुमचे सहा मिस कॉल. मला वाटलं घरी काही झालं."

कागदाच्या गठ्ठ्यावर बसले ती उठेचना. रडले थोडं. सलीमभाई घाबरून केंद्रेंकडे बघायला लागले. केंद्रेंनी त्यांना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी छपाईची तयार पत्र्याची प्लेट आणून समोर धरली. चकचकीत, अक्षरं उलटी नाहीत, सरळ वाचता येतं: 'आणि मग त्यानं शेत घेतलं.' त्यांनी माझ्यासमोरच ती दुमडली.

"बाकीचे फर्मे छापतो मॅडम. हे सोळा पानं तुम्ही सावकाश द्या. घाई नाही."

चहा. लग्नातले लाडू. भूक लागली होती हे लाडू खाल्ल्यावर कळलं, तीन खाल्ले. भाचीला आशीर्वाद सांगितला. तिचं लग्न आठ दिवस पुढं असतं तर!

येताना केंद्रे लोह्याला उतरले. मी अहमदपूरपर्यंत झोपले. काल रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता.

२४ डिसें.

पाचला अप्पा खुर्ची ओढून तयार. डोकं दुखतंय म्हणून मी टाळलं. खोटं.

२५ डिसें.

आजही.

२६ डिसें., शुक्रवार

सांगितलं. दुपारी, जेवणानंतर. प्रस्तावना न करता.

"अप्पा, मी चूक केली. त्या पायलटानं शेत घेतलं नाही. तो गेला."

ऐकू आलं नाही असं वाटून परत म्हटलं. त्यांनी हात वर केला. ऐकू आलं होतं. गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून बसले.

"कवा?"
"शेत घेतलं लिहिलंय ना, त्याच वेळी. साध्या विमानात. मला इंग्रजी कळलं नाही."
"मग रान?"
"नव्हतंच."
"आन गाई?"
"गाई मी घातल्या."

अप्पा एकदम हसायला लागले, खोकला येईपर्यंत. "गाई तू घातल्यास!" पाणी दिलं. पिऊन त्यांनी तोंड पुसलं. डोळ्यांत पाणी खोकल्याचं की कशाचं, कळलं नाही.

"मला डाऊट व्हता," म्हणाले. "रान घेतलं म्हनतीस, पन पेरलं काय ते कुठंच न्हाई."

रागाचा एक शब्द बोलले नाहीत मला. इतकी घाबरून राहिले होते, कशाला? भांडी तशीच ठेवून दोन तास झोपले.

उठल्यावर त्यांचा प्रश्न तयार. "बायको व्हती का त्याला? लेकरं?"

२८ डिसें.

दीड पान काढून टाकलं. हातात उरल्या तीन ओळी. नऊ पुस्तकं परत चाळली. एकात त्या पाच उड्डाणांचा वेग दशांश चिन्हापर्यंत आहे. निळ्यात तो सकाळी न्याहारीला काय खायचा तेही आहे, न् शेंगदाण्याचं लोणी कसं चाटून खायचा ते. एका पुस्तकात धूसर फोटो, हेल्मेट काखेत, कुणाकडे तरी बघून हसतोय. बायको कुठंच नाही, लेकरं नाहीत. मोठ्या माणसांनी एवढं लिहिलं, हे विचारलं नाही कुणी. खरं तर मीही नाही. विचारलं अप्पांनी.

फोटोखाली परदेशातल्या एका संग्रहालयाचं नाव आहे. त्यांना मेल केला. इंग्रजी केंद्रेंना दाखवूनच. आता बोलीभाषेचा धोका पत्करणार नाही.

२ जानेवारी

सलीमभाईंचा फोन. बाकी सगळे फर्मे छापून, घडी घालून तयार. "फक्त ते सोळा पानं बाकी. मी विचारून नाही राहिलो, नुसतं सांगितलं."

मेलला उत्तर नाही.

दुपारी अप्पा मोबाइलवर मोठ्यानं बोलत होते. गावाकडं, नामदेवरावांना. "येळवशीला सांगितलेलं चूक हाय. त्यो पायलट गेला म्हनून सांग समद्यांना. न्हाई, रान न्हाई. गाई बी न्हाईत. व्हय, सांग." कुणी सांगायला लावलं नव्हतं. दाराआडून ऐकत राहिले. माझ्या चुकीचं शुद्धिपत्र त्यांनी माझ्याआधी काढलं.

५ जानेवारी, सोमवार

उत्तर आलं! चार ओळी. संग्रहालयातल्या बाई लिहितात: या वैमानिकाच्या अपघाताबद्दल आमच्याकडेही फारसं नाही. मात्र त्यांची मुलगी हयात आहे, अपघात झाला तेव्हा ती चार वर्षांची होती. आता वय झालंय, पण पत्रं वाचते. तुमचं पत्र तिच्याकडे पाठवू का?

अप्पांना सांगितलं. "लेक हाय?" दोनदा विचारलं. मग उठून आत गेले, चेहरा धुऊन आले.

"बरं झालं," म्हणाले. "कोनतरी हाय."

'हो, पाठवा' असं लगेच कळवलं. आता पत्र. काय विचारायचं? अप्पांचं म्हणणं, आधी तिची तब्येत विचार, मग बाकीचं. माझं म्हणणं, वडिलांना शेत आवडायचं का ते विचारावं. शेताची चूक तिला कळवावी की नाही, यावर आम्हा दोघांत वाद. अप्पा म्हणतात, सांग, तिला बी हसू दे. मला धीर होत नाही. तिच्या वडिलांच्या मरणावर चार वर्षं मी गाई चारत होते, हे कुठल्या तोंडानं.

सलीमभाईंना फोन करून आणखी आठ दिवस मागितले. "लो मॅडम, पंधरा लो," म्हणाले.

कागद समोर आहे. वर तारीख घातली. खाली मायना. तिचं वय ऐकून 'ताई' म्हणावंसं वाटतंय, न् इंग्रजीत ताईला शब्द सापडत नाही.