काढ्याचा चोथा

थॉर्नकोट हॉल, श्रॉपशायर
१७ नोव्हेंबर १९२७

प्रिय नॅनी,

यंदा थंडी लवकर पडली. तुझ्या गुडघ्यांचे हाल होत असतील. फ्लॅनेलच्या पट्ट्या बांधतेस ना?

माझी मागची दोन्ही पत्रं न फोडता परत आली. लिफाफ्यावर 'परत' लिहिलेलं अक्षर मी लगेच ओळखलं. माझा हात धरून 'ह' गिरवायला तूच शिकवलं होतंस. हे तिसरं पत्र तेवढं फोड, आणि वाचून झालं की नेलच्या हाती लागू देऊ नकोस. चौदा वर्षांच्या पोरीने वाचावं असं यात काही नाही.

इथलं सगळं यथास्थित आहे. काळा रंग खुलून दिसतो असं कुणीतरी म्हणाल्यापासून ऑगस्टामावशी दुःखातून बरीच सावरली आहे. स्वयंपाकीणबाई मात्र काम सोडून गेल्या. जाताना माझ्या तोंडावर म्हणाल्या, "ज्या घरात पाहुणे राखेत बोटं घालतात, तिथं मी भांडं चढवायची नाही." त्यांचं काय चुकलं?

तू वर्तमानपत्रात वाचलंस ते सगळं खरं आहे. पण ते अर्धंच आहे.

जूनमधल्या त्या गुरुवारी गॉडफ्रीकाका न्याहारीच्या टेबलावर कोसळले आणि दुपारच्या आत गेले. पायांच्या गाठींसाठी ते रोज सकाळी वाळक्या पाल्याचा कडूजहर काढा प्यायचे, ते तुला माहीत आहेच. डॉक्टर हॅलमनी हृदय बंद पडल्याचं लिहून दिलं. त्यांना एक वाजता मासे धरायला जायचं होतं. शवपेटी सांगून झाली, पाद्र्यांना निरोप गेला. कुणालाही काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर फारसं दुःखही कुणाला झालं नाही.

पण मी तिथे होते ना. बिशपच्या घरचा खून मी उलगडल्यापासून लोक मला वेगळ्या नजरेने बघायचे. इन्स्पेक्टर ग्रिब्ल तर म्हणायचे, "मिस हेन्रिएटा, तुम्ही पाहुण्या म्हणून जाता आणि यजमान दगावतो. तरी लोक तुम्हाला बोलावतात, याचंच मला नवल वाटतं." मला ते ऐकायला आवडायचं, नॅनी. फारच आवडायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयातला गालिचा धुळीने भरलेला दिसला. भांड्यांत उरलेला ओला चोथा धूळ उडू नये म्हणून गालिच्यावर पसरून झाडायची या घराची रीत आहे. तुझ्याही काळात होती. मग कालचा चोथा गेला कुठे? मी शेगडीतली राख उकरली. चोथ्याचा काळा गोळा होता आणि त्यात एक पान अर्धंच जळलेलं, खालून लवदार. फॉक्सग्लव्हचं. त्या झाडाला गायी तोंड लावत नाहीत, कारण खाल्लं तर हृदय थांबतं.

तेव्हाच वर जाऊन मावशीला एकांतात सांगता आलं असतं. मी जेवणाची वेळ होईपर्यंत थांबले.

टेबलाभोवती अकरा माणसं होती. ग्रिब्लही सांत्वनाला आले होते आणि मावशीने त्यांना जेवायला ठेवून घेतलं होतं. मी सावकाश सुरुवात केली, मध्ये मध्ये थांबत, जशी मला सवय होती. ग्रिब्ल हळूच म्हणाले, "मिस हेन्रिएटा, जेवण तरी होऊ द्या." दोघंतिघं हसले. तुझी भाची एडा सॉसचं भांडं घेऊन कर्नल ट्रेंचच्या खुर्चीमागे उभी होती.

मी विचारलं, "एडा, काल गालिचा कशाने झाडलास?"

"कशानेच नाही, मिस."

"आणि काढ्याचा चोथा?"

"जाळला."

"का?"

ती टेबलाखाली बघायला लागली. तिथे मावशीचा म्हातारा कुत्रा झोपला होता.

"बार्नबी गालिचा चाटतो, मिस," ती म्हणाली. "त्याचा काय दोष?"

कर्नलनी टाळी वाजवली. एकच. मग त्यांनाही कळलं, आणि त्यांनी हात खाली घेतले.

हे सगळं छापून आलंय. आता जे आलं नाही ते लिहिते. इथवर यायला मला तीन पत्रं लागली.

तुझं फेब्रुवारीतलं पत्र मला मिळालं होतं.

मी बिशपच्या घरी असताना ते आलं. तू लिहिलं होतंस, 'एडा बरी नाही. धनी तिची पाठ सोडत नाहीत, दाराला कडी लावू देत नाहीत. आधीची पोरगी का पळाली ते आता कळलं. सप्टेंबरअखेर, मायकेलमसच्या सणाला, तिची धाकटी बहीण नेलही तिथंच कामाला लागायची आहे. हेटी, तू मावशीशी बोललीस तर दोघी सुटतील.' मी ते उभ्याउभ्याच वाचलं. ईस्टर झाला की बघू असं म्हणून पेटीत टाकलं आणि बिशपच्या जिन्यावरचे मेणाचे डाग मोजायला गेले.

ते पत्र मला त्या टेबलावर आठवलं. 'आणि चोथा?' आणि 'का?' यांच्या मधेच. ती 'जाळला' म्हणाली आणि तुझं अक्षर डोळ्यांसमोर उभं राहिलं. मी तिथेच थांबू शकत होते. 'बरं' म्हणून बटाटे मागितले असते, तर गॉडफ्रीकाका हृदयविकाराने गेले असते आणि एडा जगली असती. पण अकरा माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मी 'का?' विचारलं.

कोर्टात एडाने कारण सांगितलं नाही. नेलच्या नावाला बट्टा लागेल म्हणून ती गप्प राहिली. कारण माझ्या पेटीत होतं. ते पुढे केलं असतं, तर वकिलाने मला पहिलाच प्रश्न विचारला असता, "मग तुम्ही काय केलंत, मिस?" म्हणून मीही गप्प राहिले. फाशीची शिक्षा सुनावल्यावर नवव्या दिवशी मी ते लंडनला दयेच्या अर्जासोबत पाठवलं. तीन ओळींचं उत्तर आलं. हा पुरावा ज्युरीपुढे आला असता तर गोष्ट निराळी होती, असं त्यात होतं.

सोमवारी दुपारी तुरुंगात मला तिला भेटू दिलं.

"नेल कुठंय?" तिने आधी तेच विचारलं.

"तुझ्या आत्याकडे."

"थॉर्नकोटला नाही ना जाणार?"

"कधीच नाही."

मग मी तिला पत्राचं सांगितलं. न सांगता परत येणं मला जमलं नाही. पहारेकरीण बाई खिडकीकडे बघत होती.

"मला वाटायचं, टपालात हरवलं," एडा म्हणाली.

मला तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी निघताना ती फक्त एवढंच म्हणाली, "आत्याला सांगा, मी घाबरले नाही म्हणावं." मंगळवारी सकाळी सगळं संपलं.

मी निरोप पोचवला, नॅनी. एडा म्हणाली की ती घाबरली नाही. त्या खोलीत मी काय काय पाहिलं ते मला विचारू नकोस. या खेपेस मी ते कुणालाही सांगणार नाहीये.

आयुष्यात जिच्याकडे तू एकदाच काही मागितलंस,
ती
हेटी