खुर्ची ज्याची त्यानं आणायची

सोमवार, ११ तारीख
ऑफिसातून, दुपारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. अक्षर गट्टूचं आणि दटावणी तुझी, त्यामुळे मायलेक एकदमच घरात आल्यासारखं वाटलं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. उजव्याचं गुरुवारी, २१ तारखेला आहे म्हणतेस. तोवर डोळे ताणू नकोस. हे पत्रही गट्टूच तुला मोठ्यानं वाचून दाखवत असणार. तेव्हा गट्टू, सावकाश वाच आणि मध्येच हसू नकोस.

फोन करायचा सोडून पत्रं कसली लिहितोस, असं विचारलंस. फोनवर तू "काय रे, आवाज का असा?" म्हणतेस आणि माझी बोलती बंद होते. मेसेज लिहायला घेतला तर फोन पुढची वाक्यं आपणहून सुचवतो, आणि ती लेकाची माझ्यापेक्षा बरी असतात. म्हणून कागद. आत्ता साहेबांना वाटतंय मी अहवाल लिहितोय.

इकडे सगळं ठीक. घरमालकीणबाईंनी जिन्याला रंग दिला, तो माझ्या शर्टालाही लागला. शेजारच्या शिंपीकाकांच्या घरात पाणी शिरलं होतं. त्यांनी फोटो काढून पाठवले आणि विम्याचे पैसे त्याच दुपारी जमा झाले. आमच्या वेळी मी स्वतः जाऊन भिंतीला हात लावून बघायचो, शंका काढायचो आणि माणसाला महिनोन् महिने लटकवायचो. काका म्हणाले, "बघा, तुमचं खातं किती सुधारलं." मी हो म्हटलं. सुधारलंय हे खरंच आहे, नाही कशाला म्हणू.

आता गट्टूच्या नोकरीचं. तू लिहितेस, मामाला बढती मिळाली आहे तर त्यानं भाच्याला आपल्या हाताखाली चिकटवून घ्यावं, शिकलासवरलेला पोरगा किती दिवस झाडांच्या नर्सरीत कुंड्या उचलणार. महिनाअखेर तो राजीनामा देणार म्हणे. ताई, हे वाचल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

आधी आमचं ऑफिस कसं आहे ते सांगतो. तिसरा मजला, काचेचं दार, आणि पंखा असा की बटण दाबल्यावर विचार करून फिरतो. आमचे साहेब पूर्वी बँकेत लोकांची कर्जं मंजूर करायचे. फार कडक. उशीर झाला की बोलत नाहीत, नुसतं घड्याळाकडे बघतात. माझ्या शेजारी बसतात त्या नकाशेबाई, घरांचे नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली. पलीकडे वर्तमानपत्राची प्रुफं तपासणारे गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही प्रूफवालेच म्हणतो. मागच्या महिन्यात मी एक दावा फेटाळला. एका बाईचं स्वयंपाकघर जळालं होतं, पण शेगडी एका भिंतीला आणि आग लागली दुसऱ्या भिंतीला. तर प्रूफवाले माझ्याशी बोलेनात. डबासुद्धा खिडकीकडे तोंड करून खाल्ला.

त्यांनी का रागवावं, असं तुला वाटेल. ती बाई त्यांनीच रचली होती, ताई. बाईही, शेगडीही आणि आगही.

सांगूनच टाकतो. माझं विम्याचं ऑफिस बंद होऊन दोन वर्षं झाली. आम्ही सगळे मिळून जे करायचो ते यंत्र एका खोलीत बसून करतं. यंत्राला खोलीही लागत नाही म्हणा. सगळ्यांना मिळतो तो भत्ता मलाही मिळतो, उपाशी नाही मी. पण सकाळ फार मोठी असते. उठायचं, दाढी करायची, चहा घ्यायचा, आणि मग? पहिले काही महिने मी इस्त्रीचा शर्ट घालून बागेत जाऊन बसायचो. तिथे माझ्यासारखेच इस्त्रीवाले बरेच दिसायला लागले. कुणीच कुणाकडे बघायचं नाही.

त्यातल्याच सात जणांनी मिळून हा हॉल भाड्यानं घेतलाय. पूर्वी इथे फर्निचरचं दुकान होतं. टेबलं मागे राहिली होती, तेव्हा खुर्ची ज्याची त्यानं आणायची असं ठरलं. माझी म्हणजे ती हिरवी, घडीची. आई उन्हात बसायची ती. सकाळी प्रूफवाले कुणाचं तरी घर जाळतात नाहीतर बुडवतात, नकाशेबाई त्या घराचा नकाशा काढतात, मी तपासणी करतो आणि साहेब सही करतात. संध्याकाळी सगळं रद्दीत. वेडगळपणा आहे, मला कळतं. पण दहा वाजता कुणीतरी माझी वाट बघतं.

बढतीचं मी खोटं लिहिलं नव्हतं. साहेबांनी उभं राहून जाहीर केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडलो.

डाव्या डोळ्याच्या वेळी मला रजा मिळाली नाही, तेही खोटं नव्हतं. मी अर्ज दिला होता. साहेबांनी त्यावर लाल शाईनं लिहिलं, "कामाचा ताण पाहता नामंजूर." ताई, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. माझ्यावाचून कुणाचं तरी अडत होतं. तू तिकडे डोळ्याला पट्टी लावून पडलेली, आणि मी तो कागद खिशात घालून ऐटीत हिंडत होतो. याची मला लाज वाटते.

गट्टू, तू आता वाचायचा थांबला असशील. थांबू नकोस, हे तुझ्यासाठीच आहे. राजीनामा देऊ नकोस. मागे तू लिहिलं होतंस, एक आजोबा लिंबाचं रोप परत घेऊन आले आणि पानं का गळतात म्हणून तुझ्याशी भांडत बसले. तू वैतागून लिहिलंस आणि मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. आमच्याकडे भांडायला कुणी येत नाही, बाबा. तो माणूससुद्धा आम्हालाच तयार करावा लागतो. तुझ्या नर्सरीतही उद्या यंत्र येईल, येणार नाही, मला काही कळत नाही. आलं तर तेव्हा बघू. आज तिथे रोपं मरतात आणि लोक तुला जाब विचारतात. सोडू नकोस ते.

आणि एक कबूल करतो. इथे तुला बसायला जागा आहे. साहेबांना शिकाऊ मुलगा हवाच होता, डोक्यावर घेतलं असतं तुला. संध्याकाळी मामा-भाचे मिळून घरी गेलो असतो, जेवताना समोर कुणीतरी असतं. आठवडाभर उत्तर लिहिलं नाही ते या मोहापायी.

शुक्रवारी मी उजव्या डोळ्यासाठी रजेचा अर्ज दिला. पुन्हा लाल शाई. या वेळी मी टेबलासमोरून हललो नाही. म्हटलं, "साहेब, बहिणीचा डोळा आहे. खरा डोळा." ते बराच वेळ पेनचं टोपण काढत होते, लावत होते. मग हळूच म्हणाले, "तुम्ही गेलात तर मी सही कशावर करू?" आमच्यात नियम असा आहे की बिनपरवानगी गेला त्याची जागा जाते. जिन्यात वाट बघणारे पुष्कळ आहेत.

आदल्या दिवशी, बुधवारी २० तारखेला, संध्याकाळच्या गाडीनं येतोय. दार गट्टूच उघडेल. माझ्या हातात बॅग असेल आणि काखेत आईची हिरवी खुर्ची. हसायचं तर आत्ताच हसून घ्या. पलंगाच्या डाव्या अंगाला तेवढी जागा करून ठेव, म्हणजे उजव्यावर पट्टी असली तरी मी तुला दिसेन.

आजवर प्रत्येक पत्रात सहीखाली हुद्दा लिहीत आलो. या वेळी राहू दे.

तुझा
धाकटा भाऊ